शिकारीच्या रानात तापट घोडा : भोर-वेल्ह्याच्या खोऱ्यांतील अश्वशिक्षण

सह्याद्रीच्या मुख्य धारेपासून पूर्वेकडे उतरणाऱ्या डोंगररांगांमध्ये नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी या नद्यांनी कोरलेल्या अरुंद खोऱ्यांत पुणे जिल्ह्यातील भोर आणि वेल्हे हे तालुके वसलेले असून, हिरडस मावळ, रोहिडखोरे, गुंजण मावळ आणि कानदखोरे या जुन्या नावांनी ते मराठ्यांच्या इतिहासात परिचित आहेत. हा मुलूख पायदळाचा मानला जातो, आणि तो तसा होताच. परंतु तोरणा, राजगड आणि रोहिडा यांच्या पायथ्याशी घोड्यांचाही वावर होता, आणि अशा दऱ्याखोऱ्यांतून शिकारीला न्यायच्या घोड्याकडून सपाटीवरील घोड्याहून निराळी अपेक्षा ठेवावी लागे. सपाटीवरच्या घोड्याचे मोल त्याच्या धावेवर ठरे, तर मावळातल्या घोड्याचे मोल तो किती वेळ स्वस्थ उभा राहतो यावर ठरे. तापट, म्हणजे चटकन बिचकणाऱ्या आणि बिचकला की उधळणाऱ्या, घोड्याला रानाची ओळख करून देण्याच्या जुन्या रीतींचा विचार याच अपेक्षेच्या अनुरोधाने करावा लागतो.

अतिवृष्टीच्या या पट्ट्यात चांगल्या घोड्यांची पैदास होणे कठीणच, कारण चार महिने चिखलात राहिलेले खूर मऊ पडतात आणि सडतात. घोडे येत ते खालच्या, कोरड्या अंगाच्या प्रदेशातून. भीमेच्या आणि नीरेच्या काठावर वाढलेली जनावरे भीमथडी व नीरथडी या नावांनी प्रसिद्ध होती (थडी म्हणजे नदीकाठ). अंगाने लहान, खुरांनी टणक आणि थोड्या चाऱ्यावर लांबची मजल मारणारी ही जात मराठा फौजांचा आधार होती. पुढे तिच्यात अरबी रक्त मिसळले, त्याने चाल आणि देखणेपण वाढले, आणि त्याबरोबर काही घोड्यांत अरबी तापटपणाही उतरला.

तथापि घोड्याचा तापटपणा केवळ रक्तातून येत नाही, तो दावणीवरही तयार होतो. शिवकालीन पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, जी व्यवस्था सभासद बखरीत सांगितली आहे, तिच्यात पंचवीस घोड्यांवर एक हवालदार असे, आणि तेवढ्याच घोड्यांमागे एक पखालजी, म्हणजे पाणी भरणारा, व एक नालबंद नेमलेला असे. पावसाळ्यात लष्कर स्वदेशी छावणीला येई, घोड्यांसाठी दाणा, गवत आणि औषधे आधीच साठवलेली असत, आणि दसऱ्याला फौज मोहिमेवर निघे. राज्याभिषेकाच्या सुमारास चिपळूणजवळच्या दळवटणे येथील छावणीला शिवाजी महाराजांनी पाठवलेल्या पत्रात, दाणागवत पावसाळाभर पुरेल अशा बेताने वापरावे आणि जळती वात उंदराने ओढून नेल्यास गवताला आग लागून सारी पागा जळेल, इतक्या बारकाईने सूचना दिलेल्या आहेत. घोडा हे राज्याचे केवढे मोठे भांडवल होते हे त्या एका पत्रावरून कळते. पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. अगाडी-पिछाडी, म्हणजे पुढच्या व मागच्या दोऱ्या, बांधून चार महिने दावणीला उभा असलेला आणि हरभऱ्याची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, खाऊन अंगाने भरलेला घोडा आश्विनात बाहेर पडला, की स्वभावाने गरीब असला तरी माजावर आलेला असे. दसऱ्यानंतर त्याला एकदम गर्दीत, ताशांच्या आणि बंदुकांच्या आवाजात नेणे म्हणजे स्वाराचा जीव धोक्यात घालणे होते.

हे काम चाबूकस्वाराचे. नावात चाबूक असला तरी चाबूकस्वार म्हणजे घोडा फेरणारा, त्याला चाली शिकवणारा जाणकार. तो प्रथम चंदी कमी करी, मग बागडोर, म्हणजे लांब दोरी, लावून घोड्याला मऊ जमिनीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवी, आणि अंगातील उसळी ओसरल्यावरच पाठीवर खोगीर चढवी. कदम, म्हणजे सावकाश चाल, पक्का झाल्याखेरीज दुडकी नाही, आणि दुडकी पक्की झाल्याखेरीज चौखूर, म्हणजे भरधाव दौड, नाही, हा क्रम होता. पुढचा भाग कानांच्या आणि नाकाच्या शिक्षणाचा होता: लांबून हलगी वाजवायची, घोड्याच्या तोंडाला तोबरा लावून तो दाणा खात असताना वाजवणाऱ्याने दररोज थोडे जवळ यायचे, आणि घोड्याने खाणे थांबवून कान टवकारले की तिथेच उभे राहायचे. बंदुकीच्या आवाजाची सवयही अशीच अंतर कमी करत लावता येते. बोथाटी, म्हणजे टोकाला कापडाचा गोळा बांधलेला बोथट भाला, घेऊन खेळताना डोळ्यांजवळून जाणाऱ्या काठीला न दचकण्याचे शिक्षण घोड्याला मिळे, आणि रानडुकराच्या शिकारीत तेच उपयोगी पडे.

या परंपरेचे एक अंग मात्र निर्दयच म्हटले पाहिजे. काटेरी कडियाळे, म्हणजे तोंडात घालायची टोचणारी लोखंडी सळई, घालून तापट घोडा आवरण्याची रीत हिंदुस्थानात सर्रास होती. अशा घोड्याचे तोंड दुखावते, तो मान वर फेकतो, पुढे पाहीनासा होतो आणि डोंगरी वाटेवर ठेचकाळतो. ग्रीक लेखक झेनोफॉन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात अश्वारोहणावर लिहिलेल्या ग्रंथात, तामसी घोड्याला अचानक काही करू नये, त्याला सावकाश आणि लांबवर चालवावे, असा विचार मांडला आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात अश्ववाह्याली, म्हणजे घोड्यांची परीक्षा व मैदानी खेळ, आणि मृगया हे दोन्ही राजाचे विनोद म्हणून वर्णिलेले आहेत. म्हणजे मृदू शिक्षणाचा विचार जुना होता आणि दख्खनेत घोड्याला जाणणारी विद्याही होती. काटेरी लोखंडाचा वापर हा घाईचा परिणाम होता.

भोर-वेल्ह्याच्या रानातील शिकार मुख्यतः हाक्याची. हाका म्हणजे माणसांच्या ओळीने आरडाओरडा करीत, ढोल आणि डबे बडवीत जनावराला ठरावीक दिशेने हाकलणे. कारवी आणि झाडोऱ्याने भरलेल्या उतारावर घोडा पळवणे शक्य नसल्यामुळे स्वार पायथ्याशी किंवा खिंडीत उतरे, आणि घोडा मोतद्दाराच्या, म्हणजे घोड्याची देखभाल करणाऱ्या सेवकाच्या, हाती राही. तापट घोड्याची खरी कसोटी इथे लागे, कारण धावताना त्याची भीती पायांवाटे निघून जाते, पण बांधलेल्या जागी आवाज वाढत असताना ती अंगातच साठत राहते. घोडा हा कळपाचा प्राणी असल्यामुळे शेजारी मुरलेली, वयस्क घोडी उभी करणे हा यावरचा जुना आणि आजही न सुटलेला उपाय आहे. तिने मान खाली सोडली की नवा घोडाही हळूहळू श्वास सोडतो. मारलेले सांबर वा डुक्कर पाठीवर लादताना रक्ताच्या वासाने घोडा हमखास बुजतो, म्हणून त्याच्या डोळ्यांवर फडके बांधण्याची रीत पडली.

सातारच्या छत्रपती शाहूंना शिकारीचा मोठा नाद होता, आणि १७०७ नंतर शंकराजी नारायण यांचे पुत्र नारो शंकर यांच्याकडे सचिवपद राखून त्यांनीच भोर संस्थानच्या पंतसचिव घराण्याचा पाया स्थिर केला. पुढे पुण्यास आलेला रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन घोड्यावरून भाल्याने रानडुकरे मारण्याचा शौकीन होता, आणि करवीरचे, म्हणजे कोल्हापूरचे, राजर्षी शाहू महाराज (१८७४–१९२२) या शिकारीत तर निष्णातच होते. चित्त्यांकरवी काळविटांची शिकार करण्याची परंपरा कोल्हापुरात त्यांच्यानंतरही टिकली. हे सारे मोकळ्या माळाचे खेळ, पण नव्या घोड्याला बेताने सरावण्याची गरज तिथेही असे. इंग्लंडातील कोल्ह्याच्या शिकारीत, २००५ मध्ये तिच्यावर बंदी येण्यापूर्वी, नव्या घोड्याला मोसमाच्या आरंभीच्या छोट्या शिकारींना नेत, घोळक्याच्या मागे ठेवत आणि तो थकण्याआधी, शांत असतानाच घरी परत आणत. तोबऱ्याशेजारी हलगी वाजवणाऱ्या चाबूकस्वाराची समजही तीच होती.

भोर संस्थान १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले, पागा मोडल्या, शिकारीला घोड्याऐवजी मोटार आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. चाबूकस्वाराचा पेशा त्यापूर्वीच ओसरला होता. घोडा मात्र धनगरांनी राखला. मेंढरांच्या कळपाबरोबर बिऱ्हाड, कोकरे आणि कोंबड्या पाठीवर घेऊन चालणारी भीमथडी तट्टे पिढ्यान्‌पिढ्या कुत्र्यांच्या भुंकण्यात, रस्त्यावरच्या वाहनांत आणि अनोळखी मुक्कामांत वावरत आली, आणि जे तट्टू उधळे ते धनगराच्या कामाचे नसे. कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडे भीमथडीची स्वतंत्र देशी जात म्हणून नोंद केली आहे. त्या जातीचा सोशीक, न बिचकणारा स्वभाव पागेच्या दप्तरांपेक्षा धनगरांच्या या भटक्या वाड्यांनी, म्हणजे तळांनी, अधिक घडवला.