राशिवलय आणि ग्रहांची वाट

जयपूरच्या जंतर मंतरमध्ये गर्दी असते ती सम्राट यंत्रापाशी. सुमारे २७ मीटर उंच भिंत, आणि तिची सावली दोन सेकंदांपर्यंत अचूक वेळ सांगते; माणसं तिथे खिळून राहतात यात नवल नाही. पण याच आवारातली राशिवलयाची बारा छोटी यंत्रं पाहिल्याशिवाय परतू नये.

वरवर बाराही सारखीच वाटतात. निरखून पाहिलं की मधल्या तिरप्या भिंतींचे उतार आणि रोख वेगवेगळे दिसतात. सूर्य आणि ग्रह ज्या क्रांतिवृत्ताच्या आसपास फिरतात, ते वृत्त दिवसभर आकाशात डोलत असतं. म्हणून प्रत्येक राशीला स्वतंत्र यंत्र. राशीचा आरंभबिंदू याम्योत्तर वृत्तावर, म्हणजे डोक्यावरून जाणाऱ्या उत्तर-दक्षिण रेषेवर, आला की त्या यंत्राची भिंत बरोबर क्रांतिवृत्ताच्या ध्रुवाकडे रोखलेली असते, आणि ग्रहाचे भोग (क्रांतिवृत्तावरचं स्थान) व शर (क्रांतिवृत्तापासूनचं अंतर) आकडेमोड न करता थेट वाचता येतात.

सवाई जयसिंहांनी १७२७ मध्ये जयपूर वसवलं आणि पुढच्या काही वर्षांत ही वेधशाळा उभी केली. त्यांच्या पदरचे पंडित जगन्नाथ सम्राट यांनी युक्लिडची भूमिती अरबीतून संस्कृतात आणली. तो ‘रेखागणित’ ग्रंथ पुढे मुंबईत छापला गेला. जयसिंहांनी लिस्बनला माणसं पाठवली, तिथून ला हायर या खगोलज्ञाची कोष्टकं आणवली आणि ती पडताळून पाहिली. चंद्राच्या स्थानात अर्ध्या अंशाची तफावत निघाली!

दुर्बिणीचा काळ आला असताना दगडी यंत्रं बांधली, असा ठपका त्यांच्यावर येतो. तो पुरता न्याय्य नाही. गुरूचे चंद्र त्यांनी दुर्बिणीतून पाहिले होते. शिवाय ग्रहमालेतली एक मोठी गोष्ट उघड्या डोळ्यांच्या वेधांतूनही उमगते: ग्रहांचे शर नेहमी लहानच भरतात. बुधाची कक्षा सर्वांत कललेली, तीही अवघी ७ अंश. सगळे जवळजवळ एकाच प्रतलात का?

न्यूटननं १७१३ मध्ये याचं श्रेय ईश्वरी योजनेला दिलं. जयसिंह १७४३ मध्ये वारले आणि १७५५ मध्ये इमॅन्युएल कांटनं वेगळं उत्तर मांडलं. १७९६ मध्ये लाप्लासनंही त्याच दिशेनं विचार केला. वायू आणि धुळीचा फिरता ढग स्वतःच्या गुरुत्वानं आकसतो. अक्षाच्या दिशेनं तो सहज खाली बसतो, पण आडव्या दिशेला फिरकी त्याला आत कोसळू देत नाही. उरते ती चपटी चकती, आणि तिच्यात जन्मलेले ग्रह तिचंच प्रतल धरून राहतात.

पुराव्याला वेळ लागला. १९८४ मध्ये बीटा पिक्टोरिस या ताऱ्याभोवतीच्या धुळीच्या चकतीचं छायाचित्र मिळालं. ती आपल्याला कडेनं दिसते. २०१४ मध्ये चिलीतल्या आल्मा दुर्बिणींनी वृषभ तारकासमूहातल्या एचएल टाउरीची चकती टिपली: सुमारे ४५० प्रकाशवर्षं दूर, धुळीची तेजस्वी कडी आणि मधे काळे पट्टे. अशा पट्ट्यांत ग्रह घडत असावेत, हा अंदाज होता. २०१८ मध्ये पीडीएस ७० या तरुण ताऱ्याच्या चकतीतल्या पोकळीत एक ग्रह थेट दिसला, भोवतालचा वायू ओढून अजून वाढत असलेला.