पुनरुड्डाण (मानवी अंतराळप्रवासातील)

अपघातानंतर थांबवलेला मानवी अंतराळप्रवास पुन्हा सुरू करण्याच्या सगळ्या खटाटोपाला पुनरुड्डाण म्हणतात. अपघाताची चौकशी, यानात आणि कारभारात केलेले बदल, माणसांशिवाय केलेल्या चाचण्या आणि अखेर माणसे घेऊन झालेले पहिले उड्डाण हे सारे त्यात येते. नासाच्या कागदपत्रांत यासाठी ‘रिटर्न टू फ्लाइट’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. हा काळ कधी आठ आठवड्यांच्या आत आटोपतो (सोयूझ एमएस-१०, २०१८), तर कधी बत्तीस महिने लांबतो (चॅलेंजर, १९८६). या काळात दोन भावना एकमेकींना चिकटून असतात. उड्डाण लवकर व्हावे ही ओढ असते आणि आपण काही विसरलो तर नाही ना, ही धास्तीही असते. ज्यांना यानात बसायचे असते, त्यांच्या मनात तर या दोन्ही एकाच वेळी असतात.

भारतीयांना या विषयाची सर्वांत जवळची खूण राकेश शर्मा यांच्या उड्डाणात सापडते, पण तिच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेलेले नाही. २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री बैकोनूरच्या तळावर व्लादिमिर तितोव्ह आणि गेन्नादी स्त्रेकालोव्ह हे दोघे सोव्हिएत सोयूझ यानात बसून उलटगणती ऐकत होते. उड्डाणाला दीड-एक मिनिट उरले असताना रॉकेटच्या पायथ्याशी आग लागली. ज्या तारांवरून सुटकेचा आदेश यानापर्यंत जायचा, त्या तारा जळाल्या. शेवटी दोन नियंत्रकांनी वेगवेगळ्या ठिकाणांहून रेडिओवरून आदेश दिला, यानाच्या टोकावरचे सुटका-रॉकेट पेटले आणि दोघांसह कुपी वर खेचली गेली. पाठोपाठ काही सेकंदांत खालच्या रॉकेटचा स्फोट झाला. त्या झटक्यात अंतराळवीरांच्या शरीरावर गुरुत्वाच्या चौदा ते सतरा पट भार आला. ते जळत्या तळापासून चार-एक किलोमीटरवर उतरले आणि दोघेही वाचले.

सोव्हिएत सरकारने हा अपघात तेव्हा जाहीर केला नव्हता. ८ फेब्रुवारी १९८४ रोजी तीन अंतराळवीरांना घेऊन सोयूझ टी-१० वर गेले आणि पुनरुड्डाण पार पडले. त्याच्या पुढचे उड्डाण म्हणजे ३ एप्रिल १९८४ चे सोयूझ टी-११. त्यात कमांडर युरी मालिशेव्ह आणि राकेश शर्मा यांच्यासोबत तिसऱ्या आसनावर स्त्रेकालोव्ह होते. आधी निवडलेले निकोलाय रुकाविश्निकोव्ह आजारी पडल्याने स्त्रेकालोव्ह यांची वर्णी लागली होती. ज्या प्रकारच्या रॉकेटवर आपण मरता मरता वाचलो, त्याच प्रकारच्या रॉकेटवर सहा महिने उलटतात न उलटतात तोच हा माणूस पुन्हा चढला. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून बाहेर पडलेला एक भारतीय वैमानिक तेव्हा त्याच्याबरोबर होता. त्या दिवसाच्या आठवणी निघतात तेव्हा स्त्रेकालोव्ह यांचे नावही आवर्जून घेतले पाहिजे.

राकेश शर्मांच्या अंगावरचा ‘सोकोल’ दाबपोशाख हाही एका जुन्या अपघातानंतर आलेला. ३० जून १९७१ रोजी सोयूझ ११ परतताना एक झडप वेळेआधी उघडली आणि कुपीतली हवा निघून गेली. दोब्रोवोल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह या तिघांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते, कारण तीन माणसे पोशाखांसह त्या कुपीत मावत नसत. तिघेही दगावले. सप्टेंबर १९७३ मध्ये सोयूझ १२ गेले ते दोनच माणसे घेऊन, आणि दोघांच्याही अंगावर पोशाख होते. एक आसन कमी करण्याचा तो निर्णय पुढे सात वर्षे टिकला.

नासाच्या अपोलो १ ची गोष्ट बंद दरवाजाची आहे. २७ जानेवारी १९६७ रोजी जमिनीवरच्या सरावात गस ग्रिसम, एड व्हाइट आणि रॉजर चॅफी यानात असताना आग लागली. आत शुद्ध ऑक्सिजन भरलेला होता, तोही बाहेरच्या हवेपेक्षा थोड्या जास्त दाबाने. दरवाजा आतल्या बाजूला उघडणारा असल्याने आतला दाब वाढताच तो जागचा हलेना. तसाही तो उघडायला दीड मिनिट लागत असे, आणि तेवढा वेळ कुणालाच मिळाला नाही. त्यानंतर दरवाजा नव्याने बनवला गेला. नवा दरवाजा बाहेर उघडणारा आणि काही सेकंदांत मोकळा होणारा होता. प्रक्षेपणाच्या वेळी यानात भरायच्या हवेतही नायट्रोजन मिसळला जाऊ लागला.

बाहेर पडायची वाटच बंद होणे म्हणजे काय, हे सुरतेत कुणाला समजावून सांगावे लागत नाही. २४ मे २०१९ रोजी सरथाणा भागातल्या तक्षशिला आर्केडला आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या क्लासमधली बावीस मुले गेली. जिन्याने उतरता येईना, म्हणून अनेकांनी खिडक्यांतून उड्या टाकल्या. अग्निसुरक्षेची पूर्तता होईपर्यंत शहरभरचे क्लास बंद ठेवण्याचा आदेश निघाला. गोडादरा-लिंबायत भागात खानदेशातून येऊन स्थिरावलेल्या मराठी घरांतही तेव्हा दोन प्रश्न एकदम उभे राहिले: क्लास पुन्हा कधी सुरू होणार, आणि सुरू झाले तरी पोराला तिथे पाठवायचे का? पुनरुड्डाणाच्या बैठकांमध्ये वर्षानुवर्षे हेच दोन प्रश्न चर्चेला असतात. तिथे त्यांची उत्तरे आकडे मांडून द्यावी लागतात, एवढाच फरक.

अपोलोचे पुनरुड्डाण म्हणजे अपोलो ७. ते ११ ऑक्टोबर १९६८ रोजी झाले. कमांडर वॉली शिरा यांनी अपघातात मित्र गमावले होते, आणि या खेपेला त्यांनी कुणाची भीड धरली नाही. त्या यानातली आसने जुन्या पद्धतीची होती. वाऱ्याने यान जमिनीकडे ढकलले गेले आणि समुद्राऐवजी जमिनीवर आदळले, तर ती माणसांना वाचवू शकली नसती. त्या दिवशी वारा तसाच होता. शिरांनी आक्षेप घेतला, तरी उड्डाण झाले आणि अकरा दिवसांनी तिघे सुखरूप परतले. उड्डाण यशस्वी झाले म्हणून तो आक्षेप चुकीचा ठरत नाही.

चॅलेंजरच्या बाबतीत भारताचे नुकसान वेगळ्या प्रकारचे होते. इन्सॅट-१सी हा उपग्रह अमेरिकी स्पेस शटलमधून सोडायचा होता आणि त्यासोबत एका भारतीयाला पाठवायचे ठरले होते. त्यासाठी इस्रोतले एन. सी. भट आणि पी. राधाकृष्णन यांची निवडही झाली होती. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी चॅलेंजर हे शटल फुटले, सात जणांचा मृत्यू झाला, आणि ती भारतीय मोहीम पुन्हा कधी झालीच नाही. इन्सॅट-१सी जुलै १९८८ मध्ये युरोपच्या एरियन रॉकेटने गेला, माणसाशिवाय. अपघाताची झळ बसलेल्यांची यादी करताना अशी माणसे त्यात धरली जात नाहीत.

चॅलेंजरच्या घन-इंधन बूस्टरच्या जोडात रबरी कडे असते. त्याला ओ-रिंग म्हणतात. थंडीत हे रबर कडक होते आणि फट बुजवायला उशीर लावते. आदल्या संध्याकाळी बूस्टर बनवणाऱ्या कंपनीच्या इंजिनियरांनी १२ अंश सेल्सिअसच्या खाली उड्डाण करू नये असे फोनवरच्या बैठकीत सांगितले होते. त्यांच्याच वरिष्ठांनी तो सल्ला फिरवला. उड्डाणाच्या वेळी तापमान सुमारे दोन अंश होते. पुढे चौकशी आयोगासमोर भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी त्या रबराचा तुकडा शिकंजात दाबून बर्फाच्या पाण्याच्या पेल्यात बुडवला. शिकंजा काढल्यावर रबर लगेच मूळ आकाराला येईना. कॅमेऱ्यांसमोर झालेला हा साधा प्रयोग कुणालाही समजण्यासारखा होता. मग जोड नव्याने आखला गेला, त्यात तिसरे कडे आले आणि तो गरम ठेवण्याची सोयही झाली. अंतराळवीरांना दाबपोशाख परत मिळाले, या वेळी नारिंगी. २९ सप्टेंबर १९८८ रोजी डिस्कव्हरी हे शटल उडाले तेव्हा त्यात नवखा एकही नव्हता, पाचही जण आधी अंतराळात जाऊन आलेले होते. त्यांच्यातले पायलट रिचर्ड कव्ही हे नाव पुढे पुन्हा येणार आहे.

१६ जानेवारी २००३ रोजी कोलंबिया हे शटल उडाले. उड्डाणानंतर ८२ सेकंद होत आले असताना बाहेरच्या टाकीवरचा फोमचा एक तुकडा निखळला आणि ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने डाव्या पंखाच्या कडेवर आदळला. तो तुकडा छोट्या सूटकेसएवढा होता आणि त्याचे वजन पाऊण किलो होते. यान वर असतानाच पंखाची छायाचित्रे घ्यावीत अशी विनंती इंजिनियरांनी केली, पण ती वरपर्यंत टिकली नाही. १ फेब्रुवारीला, उतरायला सोळा मिनिटे उरली असताना, यान टेक्सासवर विखुरले. कर्नालच्या कल्पना चावला आणि त्यांचे सहा सहकारी गेले. चारच दिवसांनी भारताच्या मेटसॅट या हवामान उपग्रहाला ‘कल्पना-१’ हे नाव देण्यात आले.

इतका हलका फोम एवढा मजबूत पंख कसा फोडेल, ही शंका नासातल्या जाणत्यांनाही होती. ७ जुलै २००३ रोजी टेक्सासमध्ये खऱ्या पंखाच्या भागावर तेवढ्याच वेगाने फोम मारून पाहिला गेला. पंखाला सुमारे चाळीस सेंटिमीटरचे भोक पडले आणि शंकेला जागा उरली नाही. ॲडमिरल हॅरोल्ड गेहमन यांच्या मंडळाने ऑगस्टमध्ये दिलेल्या अहवालात संस्थेच्या कार्यसंस्कृतीवर फोमइतकाच ठपका ठेवला. मंडळाच्या २९ शिफारशींपैकी १५ पुढच्या उड्डाणाआधी पुऱ्या व्हायलाच हव्या होत्या. त्या झाल्या की नाही हे तपासणाऱ्या गटाचे एक प्रमुख म्हणजे तेच रिचर्ड कव्ही. गटाने २००५ मध्ये निष्कर्ष दिला की बारा पूर्ण झाल्या, तीन पूर्णपणे झाल्या नाहीत. त्या तिनांत फोम निखळणे थांबवण्याची शिफारसही होती. तरीही नासाने उड्डाणाचा निर्णय घेतला.

१३ जुलै २००५ रोजी डिस्कव्हरीच्या कमांडर आयलीन कॉलिन्स आणि त्यांचे सहकारी यानात बसलेही होते, पण हायड्रोजनच्या टाकीतला एक सेन्सर चुकीचे दाखवू लागला आणि उड्डाण पुढे गेले. २६ जुलैला, भारतात रात्रीचे आठ वाजून गेले असताना, डिस्कव्हरी उडाले. शंभराहून अधिक कॅमेरे त्याच्यावर रोखलेले होते, आणि त्यांतल्या चित्रांत फोमचा एक मोठा तुकडा निखळताना स्पष्ट दिसला. तो पंखाला लागला नाही. यान अजून वरच होते, तेव्हाच पुढची उड्डाणे थांबवल्याचे नासाने जाहीर केले. अडीच वर्षे ज्याची तयारी केली, नेमके तेच पुन्हा घडले होते.

पण वर काही गोष्टी बदललेल्या होत्या. आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकाखाली सुमारे १८० मीटरवर कॉलिन्स यांनी यानाला सावकाश कोलांटी मारायला लावली आणि स्थानकातल्या क्रिकाल्योव्ह व फिलिप्स यांनी लांब भिंगांनी त्याच्या पोटाचे फोटो घेतले. टाइलांच्या फटींतून दोन पट्ट्या इंचभर वर आलेल्या दिसल्या. उतरताना त्यांच्यामुळे उष्णता वाढण्याचा धोका होता. ३ ऑगस्टला अंतराळवीर स्टीफन रॉबिन्सन स्थानकाच्या यांत्रिक हाताच्या टोकावर उभे राहून यानाच्या पोटाखाली गेले. पट्टी निघाली नाहीच तर कापायला म्हणून यानातल्याच सामानातून जुळवलेली करवत बरोबर होती. ती लागली नाही. त्यांनी चिमटीत धरून दोन्ही पट्ट्या हलकेच ओढून काढल्या. कोलंबियाच्या वेळी पंखाकडे बघायलाही कुणी गेले नव्हते, हे आठवले की या दृश्याचे मोल कळते.

पुनरुड्डाण पहिल्या उड्डाणाने संपते असे मानतात. कोलंबियानंतरचा इतिहास पाहता खरी परीक्षा दुसऱ्या उड्डाणाची होती. त्या उड्डाणाआधी, जून २००६ च्या बैठकीत, नासाचे सुरक्षाप्रमुख ब्रायन ओकॉनर आणि मुख्य अभियंता ख्रिस स्कोलीज यांनी ‘नो-गो’ अशी नोंद केली. टाकीवरचे फोमचे काही भाग अजून धोक्याचे आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. मात्र यानाला इजा झाली तरी माणसांना स्थानकात थांबून सुटकेची वाट पाहता येईल, म्हणून त्यांनी निर्णयाविरुद्ध अपील केले नाही. प्रशासक मायकेल ग्रिफिन यांनी उड्डाणाची जबाबदारी उघडपणे स्वतःवर घेतली आणि ४ जुलैला यान सुखरूप वर गेले. चॅलेंजरच्या आदल्या संध्याकाळी नकार फिरवला गेला होता. या वेळी तो नावांनिशी कागदावर राहिला, हा बदल नव्या फोमपेक्षा मोठा होता. कॅमेऱ्यांना दिसावे म्हणून प्रक्षेपण दिवसाउजेडीच करायचे, हा नियम त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सैल झाला. कोलंबियानंतरच्या त्या पहिल्या रात्रीच्या उड्डाणातून, मेहसाणा जिल्ह्यातल्या झुलासण गावच्या पंड्या कुटुंबातल्या सुनीता विल्यम्स पहिल्यांदा अंतराळात गेल्या.

सुनीता विल्यम्स २०२४ मध्ये बोइंगच्या स्टारलायनरमधून स्थानकावर पोहोचल्या. वाटेत यानाचे काही थ्रस्टर बंद पडले आणि हेलियमची गळतीही आढळली. ऑगस्टअखेर नासाने यान रिकामेच परत आणायचे ठरवले. मार्च २०२५ मध्ये त्या परतल्या त्या दुसऱ्या यानातून, आणि त्याचे कमांडर होते निक हेग. ११ ऑक्टोबर २०१८ रोजी बूस्टर नीट सुटला नाही म्हणून सोयूझ एमएस-१० अर्ध्या वाटेतून खाली आले, तेव्हा अलेक्सी ओव्हचिनिन यांच्यासह आत असलेले ते हेच. पाचच महिन्यांनी दोघे पुन्हा सोयूझमध्ये बसले होते.

भारताच्या गगनयान या मानवी मोहिमेने माणूस नेण्याआधीच ही काळजी अंगी बाणवायला घेतली आहे. तिच्यासाठी निवडलेले चारही वैमानिक राकेश शर्मांप्रमाणेच खडकवासल्यात शिकलेले आहेत. २१ ऑक्टोबर २०२३ रोजी श्रीहरिकोट्याला सुटकेच्या यंत्रणेची चाचणी होती. हवामानामुळे वेळ आधीच पुढे गेली होती. मग अवघी पाच सेकंद उरली असताना संगणकाने स्वतःहून ‘होल्ड’ दिला. कारण शोधून, दुरुस्त करून दहा वाजता रॉकेट सोडले गेले. सुटकेच्या यंत्रणेने कुपी रॉकेटपासून ओढून काढली, पॅराशूट उघडली आणि ती बंगालच्या उपसागरात उतरली. नौदलाचे पाणबुडे जवळ गेले तेव्हा ती पाण्यात उलटी तरंगत होती. आत कुणी नव्हते. कुपी पाण्यात सरळ कशी राहील, हे काम पुढच्या चाचण्यांच्या यादीत लिहिले गेले.