सरकत्या कळफलकाचे स्मार्टफोन आणि मराठी लेखन

ज्या स्मार्टफोनच्या पडद्यामागे अक्षरकळांचा स्वतंत्र फलक दडवलेला असतो आणि पडदा बाजूला किंवा वर सरकवताच तो फलक वापरासाठी उघडा होतो, त्यास सरकत्या कळफलकाचा स्मार्टफोन म्हणतात. साधारणपणे २००५ ते २०१२ हा या प्रकाराच्या भरभराटीचा काळ होय. भारतात असे फोन मुख्यतः २००९ नंतर दिसू लागले. विपुल लेखन करणाऱ्यांसाठी म्हणून ते घडवले गेले होते. तथापि त्यांच्या कळांवर सर्वसाधारणपणे रोमन अक्षरेच असत. त्यामुळे या फोनवर सहजतेने लिहिता येत असे ते इंग्रजी. मराठीच्या वाट्याला एक तर रोमन लिपी येई, नाही तर काहीच येत नसे.

रचना आणि वापर

फोनचे दोन थर असतात. वरच्या थरात पडदा, खालच्या थरात कळफलक, विजेरी आणि बहुतेक यंत्रणा. हे थर रुळांवर किंवा बिजागरीवर एकमेकांवरून सरकतात आणि लवचीक पट्टीसारख्या पातळ केबलने परस्परांना जोडलेले असतात. काही नमुन्यांत (उदा. नोकिया एन९७) पडदा सरकल्यावर तिरपा उभा राहतो, तर काहींत (उदा. मोटोरोला माइलस्टोन) तो सपाटच राहतो. कळफलक बहुधा आडव्या बाजूने बाहेर येतो. फोन दोन्ही हातांत आडवा धरून दोन अंगठ्यांनी टंकन करावयाचे, ही त्याची रूढ पद्धत.

त्या काळचे पडदे जेमतेम तीन-साडेतीन इंचांचे होते. पडद्यावर उमटणारा कळफलक उघडला की निम्म्याहून अधिक जागा तोच व्यापत असे. सरकत्या कळफलकामुळे पूर्ण पडदा मजकुरासाठी मोकळा राही. कळ दाबल्याची जाणीव बोटाला होत असल्याने सरावानंतर न पाहताही लिहिता येई. याची किंमत जाडी आणि वजन यांच्या रूपाने मोजावी लागे. सततच्या उघडझापीने जोडकेबल झिजणे हा या रचनेचा नेहमीचा दोष होता. ती तुटली की कळा शाबूत असूनही पडदा मुका होई. रुळांत धूळ शिरणे आणि कळांवरील अक्षरे पुसट होणे, या त्यामानाने किरकोळ तक्रारी.

इतिहास

पूर्ण कळफलक असलेल्या फोनची परंपरा नोकियाच्या १९९६ मधील ९००० कम्युनिकेटरपासून सांगता येते; मात्र तो पेटीसारखा उघडणारा फोन होता. २००२ मधील डेंजर हिपटॉपमध्ये पडदा फिरवून कळफलक उघडावा लागे. पुढे तैवानच्या एचटीसी या कंपनीने विंडोज मोबाइल प्रणालीवरील फोनांत आडवा सरकणारा कळफलक रूढ केला.

२२ ऑक्टोबर २००८ रोजी अमेरिकेत विक्रीस आलेला एचटीसी ड्रीम हा अँड्रॉइड प्रणालीवरील पहिला फोन सरकत्या कळफलकाचाच होता. तो तसा असणे भागच होते, कारण अँड्रॉइडमध्ये पडद्यावरील कळफलक तोवर आलेलाच नव्हता. ती सोय एप्रिल २००९ मधील १.५ या आवृत्तीने दिली. आज पडद्यावरील कळफलकाशिवाय अँड्रॉइडची कल्पना करता येत नाही, ही बाब लक्षात घेता हा क्रम नोंद घेण्याजोगा आहे. २००९ मध्ये नोकिया एन९७, नोकिया एन९०० आणि मोटोरोला ड्रॉइड (अमेरिकेबाहेर ‘माइलस्टोन’) हे फोन आले. २०१० मध्ये सोनी एरिक्सन एक्स१० मिनी प्रो, नोकिया सी६ आणि एचटीसी डिझायर झेड, तर २०११ मध्ये नोकिया ई७ हे त्यांत मिळाले.

भारतातील परिस्थिती

यांपैकी अनेक नमुने भारतात विकले गेले. खासगी कंपन्यांची थ्रीजी सेवा देशात २०१० च्या अखेरीस सुरू झाली. त्यामुळे आरंभीच्या ग्राहकांना हे फोन संथ टूजी जाळ्यावरच वापरावे लागले. लघुसंदेश आणि ईमेल हाच त्यांचा मुख्य उपयोग होता.

याच काळात भारतीय बाजारातील नोकियाच्या अनेक स्वस्त, साध्या फोनांच्या बारा कळांवर अंकांसोबत देवनागरी अक्षरेही छापलेली असत. एकेका अक्षरासाठी तीच कळ अनेकदा दाबावी लागे, हे खरे. पण अक्षर डोळ्यांना दिसत असे. त्याहून कितीतरी महाग असलेल्या आणि केवळ लिहिण्याच्या सोयीसाठी घेतलेल्या फोनवर मात्र ते दिसत नसे. मराठी वाचकाला ही विसंगती खटकणे स्वाभाविक आहे.

देवनागरीची अडचण

अडचण दोन पातळ्यांवर होती: अक्षर दिसणे आणि अक्षर लिहिता येणे.

देवनागरी दाखवणे हे रोमन लिपी दाखवण्याइतके सोपे नाही. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण लिहिताना आधी; रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर चढतो; जोडाक्षरांत व्यंजने अर्धी होतात. हे सर्व प्रणालीला कळावे लागते. अँड्रॉइडच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत मुळात देवनागरी फाँटच नव्हता. काही उत्पादकांनी तो आपल्यापुरता बसवला. इतरांच्या फोनवर मराठी मजकुराच्या जागी रिकाम्या चौकटी दिसत. ही उणीव प्रणालीच्या पातळीवर भरून निघाली ती ऑक्टोबर २०११ मधील ४.० या आवृत्तीत. माइलस्टोनची अधिकृत सुधारणा २.२ वर, एक्स१० मिनी प्रोची २.१ वर आणि डिझायर झेडची २.३ वर थांबली. म्हणजे सरकत्या कळफलकाचे हे तिन्ही अँड्रॉइड फोन त्या टप्प्यापर्यंत अधिकृतरीत्या पोहोचलेच नाहीत. ऑपेरा मिनी या न्याहाळकात एक आडवाट होती. त्यातील एक मांडणी बदलली की भारतीय लिप्यांतील अक्षरे कंपनीच्या संगणकावर चित्ररूपात तयार होऊन फोनवर येत. यामुळे मराठी संकेतस्थळे वाचता येत. लिहिण्याचा प्रश्न सुटत नसे.

लघुसंदेशाचा हिशेबही मराठीच्या विरुद्ध जाई. रोमन लिपीतील एका संदेशात १६० वर्ण मावतात, तर युनिकोडमधील देवनागरी संदेशात ७०. त्यातही मात्रा आणि अनुस्वार स्वतंत्र मोजले जातात. ‘भंडारा’ हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो. संदेशात तो सहा वर्णांचा भरतो.

रोमन मराठी

परिणामी या फोनवरील मराठी बव्हंशी रोमन लिपीत लिहिली गेली. ‘एल’ या एका अक्षरावर ल आणि ळ, ‘एन’वर न आणि ण, ‘टी’वर त आणि ट, ‘डी’वर द आणि ड यांचा भार पडला. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद तर बहुतेकांनी सोडूनच दिला. ‘काल’ आणि ‘काळ’, ‘माल’ आणि ‘माळ’, ‘पात’ आणि ‘पाट’ एकसारखे दिसू लागले. भातशेतीच्या भंडारा जिल्ह्यात ‘धान’ हा रोजच्या व्यवहारातला शब्द. रूढ रोमन लेखनात तो ‘धन’ या शब्दापासून वेगळा ओळखता येत नाही. संदर्भाने अर्थ लागतो, हे मान्य. परंतु ‘धान विकले’ आणि ‘धन विकले’ यांतील फरक संदर्भावर सोपवण्याची पाळी देवनागरीत कधी येत नाही.

पूर्व विदर्भातील झाडीबोलीत प्रमाण मराठीतील ण चा उच्चार न असा होतो आणि ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले जाते. त्यामुळे न-ण या जोडीपुरती तरी रोमन लेखनातील हानी झाडीबोली लिहिणाऱ्यास जाणवत नाही. 

इनस्क्रिप्ट आणि स्थलनामे

रोमन अक्षरे छापलेल्या कळांवरच देवनागरी बसवता आली असती का, असा प्रश्न उपस्थित होतो. संगणकासाठी असा मार्ग आधीपासून उपलब्ध होता. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये प्रमाणित केलेल्या इनस्क्रिप्ट मांडणीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, तर व्यंजने उजव्या हाताला येतात. पण ही मांडणी संगणकाच्या मोठ्या कळफलकासाठी आहे. रोमन अक्षरांच्या २६ कळांत ती मावत नाही. ड, च, ट, य ही व्यंजने आणि ‘ऑ’ची मात्रा चौकटी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, तिरपी रेघ यांच्या कळांवर जातात. तीन ओळींच्या दाटीवाटीच्या कळफलकात या चिन्हांना स्वतंत्र कळा क्वचितच मिळत.

भंडारा जिल्ह्यातील सात तालुक्यांची नावे घेतल्यास ही अडचण उघड होते. तुमसर, पवनी, साकोली, लाखनी आणि लाखांदूर ही पाच नावे इनस्क्रिप्टनुसार २६ अक्षरकळांच्या आतच लिहून होतात. वैनगंगा नदीचे नावही लिहिता येते. अडतात ती भंडारा आणि मोहाडी. दोन्हींत ड आहे, आणि ड कंसाच्या कळेवर आहे. अशा फोनवर इनस्क्रिप्ट जशीच्या तशी बसवली असती, तर जिल्ह्याचे स्वतःचे नावच लिहिता आले नसते. नित्याच्या लेखनात याहून मोठी उणीव ‘य’ आणि ‘च’ यांची ठरली असती. ‘आहे’ साधले असते, ‘काय’ आणि ‘चांगले’ साधले नसते.

टंकलेखनाचे रीतसर शिक्षण घेतलेल्यांनाही या फोनचा लाभ झाला नाही. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या मिनिटाला ३० आणि ४० शब्दांच्या मराठी टंकलेखन परीक्षांसाठी तालुक्याच्या गावांतून कितीतरी पिढ्यांनी टंकयंत्रावर रेमिंग्टन पद्धतीचा सराव केलेला आहे. ती मांडणी दहा बोटांची आहे; ती अर्ध्या अक्षरांच्या आकारांवर चालते, उच्चारक्रमावर नव्हे. दोन अंगठ्यांच्या रोमन फलकावर ते कौशल्य निरुपयोगी ठरले.

मराठीच्या काही खास गरजाही विचारात घ्याव्या लागतात. ‘ॲ’ या अक्षरास युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. ६ नोव्हेंबर २००९ च्या शासन निर्णयाने महाराष्ट्र शासनाने मराठी वर्णमाला आणि अक्षरांची वळणे निश्चित केली. सरकते कळफलक भारतीय बाजारात येत होते तो नेमका हाच काळ. प्रमाणलिपीचे हे काम आणि फोननिर्मात्यांचे काम समांतर चालले, त्यांची गाठ पडली नाही.

पडद्यावरील कळफलकाचा उदय

प्रत्यक्ष कळांवर एकदा छापलेले अक्षर बदलता येत नाही. उत्पादकाला प्रत्येक लिपीसाठी वेगळा फलक घडवावा लागतो, आणि मराठीसाठी ते कोणी केले नाही. काचेवरच्या कळफलकाला हे बंधन नाही. मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णमालेच्या क्रमावर आधारित ‘कीलेख’ हा भारतीय लिप्यांचा कळफलक आधीच तयार केला होता. त्याच संस्थेतून २०१३ मध्ये ‘स्वरचक्र’ हा अँड्रॉइडवरील कळफलक आला. त्यात व्यंजनावर बोट ठेवताच त्याच्याभोवती बाराखडीचे चक्र उमटते आणि हव्या त्या मात्रेकडे बोट सरकवले की अक्षर पूर्ण होते. शाळेत बाराखडी गिरवलेल्यास ही रीत वेगळी शिकवावी लागत नाही. पाठोपाठ गूगलच्या कळफलकांतही मराठी आली. रोमन अक्षरांत लिहून देवनागरी मिळवण्याची सोयही त्यांत होती.

कळांची स्पर्शजाणीव आणि न पाहता लिहिण्याची सोय यांबाबतीत काचेचा कळफलक आजही उणा आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याने जुन्या कळांबद्दल हळहळ व्यक्त केली तर ती समजण्यासारखी आहे. मराठी लिहिणाऱ्याच्या हाती मात्र फोनवर पूर्ण वर्णमाला पहिल्यांदा आली ती काचेच्या कळफलकामुळेच.

उत्तरकाळ

पडदे चार-पाच इंचांचे झाल्यावर सरकत्या कळफलकाचे प्रयोजन उरले नाही. २०१२ नंतर मोठ्या उत्पादकांनी तो सोडून दिला. २०१५ मध्ये ब्लॅकबेरीने प्रिव्ह हा उभ्या दिशेने सरकणारा फोन काढला. कंपनीचा हा पहिलाच अँड्रॉइड फोन होता. २०१९ मध्ये लंडनच्या एफएक्सटेक कंपनीने प्रो१ हा आडव्या सरकत्या कळफलकाचा फोन मर्यादित ग्राहकांसाठी आणला.

भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १६३३३ (भाग ३) या २०१६ च्या मानकानुसार देशात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोबाइल फोनवर सर्व अनुसूचित भारतीय भाषांतील मजकूर वाचता येणे आणि इंग्रजी, हिंदी व आणखी किमान एका भारतीय भाषेत लिहिता येणे आवश्यक ठरले. हे मानक आले तेव्हा भारतीय बाजारातून सरकत्या कळफलकाचे फोन जवळजवळ नाहीसे झाले होते.