हमाटा

आमच्या गावामागं डोंगर आहे. नगर जिल्ह्यातले बरेच डोंगर असतात तसाच, मुरमाड. 1972 च्या दुष्काळात तो पार बोडका झाला. मी तेव्हा बारा वर्षांचा. आई-वडील खडी फोडायला जायचे आणि मी चुलतीच्या शेळ्यांमागं डोंगरावर. त्या साली दावणीची गुरं गेली, शेळ्या तेवढ्या तगल्या. चुलता आधीच वारलेला. चुलतीचं घर त्या शेळ्यांवरच तरलं. हे आधी सांगून ठेवतो, कारण पुढं त्याच शेळ्यांवर मी दंड लावला.

म्हातारी माणसं सांगायची, डोंगरावर पूर्वी पवना न् मारवेल गुडघाभर असायचं. आमच्या वाट्याला आली ती कुसळी. पावसाळ्यात ठीक, पण दसरा झाला की तिची नुसती काडी होते.

1994 साली गावात पाणलोटाचं काम निघालं. राळेगणसिद्धी पाहून आलो होतो, त्यामुळे अंगात वारं होतं. चराईबंदी, कुऱ्हाडबंदीचा ठराव झाला. डोंगरावर चर खोदले आणि बियांची पोती आली. स्टायलो हमाटा! गावानं स्टायलो गाळलं, हमाटा ठेवलं. हे झाड आपलं नव्हे. मूळचं वेस्ट इंडीजकडचं. व्हेनेझुएलातून नेलेल्या बियाण्यापासून ऑस्ट्रेलियात त्याचा ‘व्हेरानो’ वाण झाला. तिथं आधीचा टाउन्सव्हिल स्टायलो 1970 च्या दशकात करप्यानं बसला, तेव्हा हा उपयोगी पडला. हरभऱ्यासारखं द्विदल, मुळांना गाठी, म्हणजे जमिनीला नत्र देणारं. कुसळीत जी कसर, ती हे भरून काढतं.

डोंगरावर नांगर चालत नाही. बी वरूनच फेकायचं. पहिल्या पावसानंतर मातीत कालवून आम्ही ते चरांच्या भरावावर आणि मोकळ्या मुरमावर फेकलं, अगदी थाटात! उगवलं दहात एखादं. बाकीचं काही मुंग्यांनी नेलं, काही तसंच पडून राहिलं. मग कुणीतरी सांगितलं, बी फार टणक असतं, पाणी आत जात नाही. गरम पाण्यात, म्हणजे उकळी फुटायच्या आत चूल ओढायची त्या पाण्यात, 4-5 मिनिटं ठेवून सावलीत सुकवायचं. हे आम्ही आधी विचारायला पाहिजे होतं. गडबड आमचीच.

जे उगवलं त्याला पिवळी फुलं आली, चोचीसारख्या वाकड्या टोकाच्या बारीक शेंगा धरल्या. पौषात चुलती नऊ शेळ्या घेऊन तिथंच सापडली. मी समितीत. शेळीमागं 10 रुपये.

“काकू, ठराव गावाचा आहे,” मी म्हणालो.

“ठराव केला त्या दिवशी मला कुणी बोलावलं व्हतं का?”

नव्हतं बोलावलं. ज्यांच्या शेळ्या, त्यांच्यातलं कुणीच सभेला नव्हतं. जमीन असणारांनी ठराव केला, कारण खाली विहिरींना पाणी वाढणार ते त्यांच्याच. तिनं 90 रुपये भरले आणि चैत्रात पाच शेळ्या बाजारात नेल्या. वर्षभर माझ्याशी बोलली नाही.

1995 ला गरम पाण्याचं बी टाकलं, ते चांगलं उतरलं. तीन वर्षं डोंगर राखला, मग कापून न्यायची मुभा दिली. ओलं असताना गुरं हमाटा नाखुशीनंच खातात. वाळल्यावर मात्र शोधून खातात.

पण मला सांगायचं आहे ते वेगळंच. 1996 च्या आषाढात चुलतीनं निरोप धाडला. गेलो. तिच्या बाजरीच्या तुकड्यात, उकिरड्याचं खत पसरलं होतं तिथं, हमाटा उगवला होता. कुणी पेरला नव्हता. शेळ्यांनी डोंगरावर शेंगा खाल्ल्या, टणक बी पोटातून जसंच्या तसं निघालं, लेंड्यांतून खतात, खतातून शेतात. गरम पाण्याचं काम शेळीच्या आतड्यानं केलं होतं.

“आरं,” ती म्हणाली, “तुमचं पोत्यातलं उगवंना, आन् माझ्या शेळ्यांनी न सांगता पेरलं. आता माझे नव्वद रुपये दे.”

मी खिशातून काढून दिले. तिनं मोजून घेतले, आणि मग चहा टाकला.