राहिलेले तीन चरण

दिवाळीचा फराळ झाला, मुलांचे फटाके संपले, वडीलधारी मंडळी पानसुपारी घेऊन सैलावून बसली, की अजूनही पुष्कळ मराठी घरांतून भेंड्यांचा डाव रंगतो. एकाने गाणे म्हणावे, ते ज्या अक्षरावर संपेल त्या अक्षरापासून दुसऱ्याने नवे सुरू करावे, अडखळला त्याच्यावर भेंडी चढावी. पूर्वी हाच खेळ श्लोकांचा होता, आर्यांचा होता. हा खेळ किती जुना असावा? वात्स्यायनाने कामसूत्रात चौसष्ट कलांची यादी दिली आहे. तीत ‘प्रतिमाला’ नावाची एक कला आहे, ती हीच. तिच्याच सोबत दुसरी एक कला येते, ‘काव्यसमस्यापूरण’. आजचा हा लेख त्या दुसऱ्या कलेविषयी आहे.

समस्या म्हणजे येथे अडचण नव्हे. श्लोकाचा एकच चरण, बहुधा चौथा, आणि तोही विचित्र वाटणारा, कवीपुढे ठेवावयाचा. राहिलेले तीन चरण त्याने असे रचावयाचे, की तो विचित्र चरण अगदी स्वाभाविक वाटू लागावा. कोणी ‘मुंगी हत्तीला गिळते’ अशा अर्थाचा चरण घातला, तर मुंगी कोणती, हत्ती कोणता आणि गिळणे ते कसले, हे कवीने तिथल्या तिथे ठरवावयाचे. सोळाव्या शतकात बल्लाळाने रचलेला ‘भोजप्रबंध’ अशा गोष्टींनी गच्च भरला आहे. धारानगरीचा भोजराजा अकराव्या शतकातला. परंतु बल्लाळाने कालिदास, बाण, भवभूती आणि माघ ह्या निरनिराळ्या शतकांतल्या कवींना त्याच्या एकाच दरबारात खुशाल आणून बसविले आहे. इतिहास म्हणून ह्या गोष्टींना किंमत नाही. पण समस्या घालावी आणि ती सुटताना पाहावी, ह्याची आपल्या लोकांना केवढी हौस होती, हे त्यांवरून कळते.

ह्या हौसेला एक काळी किनारही आहे. सिंहलद्वीपाचा राजा कुमारदास, ‘जानकीहरण’ ह्या काव्याचा कर्ता, ह्याने एका गणिकेच्या घरच्या भिंतीवर अर्धा श्लोक लिहिला आणि तो पुरा करणाराला मोठे बक्षीस लावले. कालिदासाने तो पुरा केला. आणि बक्षिसाच्या लोभाने त्या बाईने त्याचाच जीव घेतला, अशी आख्यायिका आहे. राजाने उत्तरार्ध वाचताच तो कोणाचा हे ओळखले आणि मित्रशोकाने चितेत उडी घेतली, असेही तीत पुढे सांगतात. कथा खोटी असेल, परंतु तिच्यातला एक समज खरा आहे: अर्धा श्लोक दुसऱ्याने दिलेला असला, तरी उरलेल्या अर्ध्यात कवी ओळखू येतो.

नेमक्या ह्याच समजाविषयी आपल्याकडे पुढे मोठा वाद झाला, आणि तो झाला मोरोपंतांच्या निमित्ताने. पंतांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्याचा, मृत्यू १७९४ साली बारामतीचा. बारामतीकर नाईकांच्या आश्रयाने त्यांनी आयुष्यभर काव्यरचना केली. त्यांनी एकशे आठ रामायणे रचिली असे परंपरा सांगते. एकच कथा इतक्या वेळा कशासाठी? पंतांनी प्रत्येक वेळी स्वतःला नवी अट घातली. कोठे ‘श्रीराम जय राम जय जय राम’ ह्या तेरा अक्षरी मंत्राची अक्षरे रचनेत गुंफली, कोठे निराळे वृत्त घेतले. ह्यांपैकी ‘निरोष्ठ रामायण’ सर्वांत नवलाचे. त्यात ओठ मिटून उच्चारावे लागणारे अक्षर येऊ द्यावयाचे नाही. म्हणजे प, फ, ब, भ आणि म हे पाचही वर्ज्य.

वाचकहो, ह्या अटीचा अर्थ क्षणभर ध्यानात घ्या. ‘म’ गेला म्हणजे राम गेला! लक्ष्मणही गेला, भरत गेला, मारुती गेला, बिभीषण गेला. रामायण सांगावयाचे आणि रामाचे नाव म्हणून घ्यावयाचे नाही. मग कवीने करावे काय? सीता उरते, दशरथ उरतो, जानकी उरते. तेव्हा राम हा दशरथाचा थोरला किंवा सीतेचा नाथ अशा नात्यांनीच सांगावा लागतो. जुन्या घरातील गृहिणी नवऱ्याचे नाव न घेता सारा संसार करीत असे आणि एरवी कोणी आग्रह केलाच तर उखाण्यात गुंफून घेत असे, तशातलाच हा प्रकार. ही अट पंतांनीच प्रथम शोधली असेही नाही. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त मंत्रगुप्ताचे ओठ प्रियेच्या दंतक्षतांनी हुळहुळत असतात, म्हणून तो आपली सारी हकीकत ओष्ठ्य वर्ण टाळून सांगतो. आणि अलीकडे म्हणाल तर १९६९ साली जॉर्ज पेरेक ह्या फ्रेंच लेखकाने ‘ई’ हे त्या भाषेत सर्वांत जास्त येणारे अक्षर एकदाही न वापरता अख्खी कादंबरी लिहिली. पॅरिसमध्ये १९६० साली स्थापन झालेल्या, स्वतःला अटी घालून लिहिणाऱ्या एका मंडळाचा तो सभासद होता. बारामतीच्या पंतांना त्या मंडळाने आनंदाने आपल्यात घेतले असते!

मात्र इंग्रजी विद्या शिकलेल्या पिढीला हे सारे कसरतीसारखे वाटू लागले. काव्य आतून उसळून यावे लागते. जे मागणीवरून केले, अटीत बसविले, ते कारागिरीचे काम, काव्य नव्हे, असा आक्षेप आला. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ साली ‘निबंधमाला’ सुरू केली आणि तीत मोरोपंतांच्या कवितेचा कैवार घेऊन ह्या टीकाकारांचा खरपूस समाचार घेतला. तरी काळाचा ओघ दुसऱ्याच दिशेचा होता. केशवसुतांनी, म्हणजे १८६६ ते १९०५ ह्या काळातल्या त्या बंडखोर कवीने, कवितेला कवीच्या अंतरंगाशी बांधून टाकले आणि समस्यापूर्तीची जुनी हौस बाजूला पडली. पण गंमत पाहा. त्याच केशवसुतांनी मराठीत चौदा ओळींचे सुनीत आणले. चौदा म्हणजे चौदाच ओळी, यमकांची ठरीव मांडणी, ही काय थोडी अट झाली? पुढे माधव जूलियनांनी गझल आणली. १९३३ च्या ‘गज्जलांजली’ने ती मराठीत रुजविली आणि सुरेश भटांनी घरोघरी पोचविली. गझलेच्या प्रांतात ‘तरही’ मुशायरा असतो. तेथे एक मिसरा आधी जाहीर करतात आणि सर्व कवींनी त्याच्याच वृत्तात, त्याच्याच यमकाला धरून गझल आणावयाची. ही आपली समस्याच, फक्त पोशाख निराळा! बेड्या तोडल्या असे म्हणणाराने बेड्या बदलल्या होत्या, इतकेच.

पंडितांचा हा वाद चालू असता सामान्य माणसाने मात्र ही कला कधी सोडलीच नव्हती. तमाशाच्या फडात कलगीवाले आणि तुरेवाले समोरासमोर उभे राहत. एकाने कवनातून कूट सवाल टाकावा, दुसऱ्याने कवनातूनच जबाब द्यावा. शक्ती श्रेष्ठ की शिव श्रेष्ठ, असा तो वाद. आमच्या कोकणात त्याचाच शक्ती-तुरा झाला आणि रायगड-रत्नागिरीकडच्या जाखडी नाचाबरोबर तो गौरी-गणपतीच्या दिवसांत आजही रंगतो. जबाब देता आला नाही, तर गावादेखत हार. तेथे आतून उसळी येईपर्यंत थांबण्याची सवड शाहिराला नसते. जात्यावर बसणाऱ्या बायांचेही तसेच. जात्याची फेरी हीच अट आणि तिच्या घुमण्याइतकीच ओवीची ओळ. त्या अटीत बायकांनी माहेर, सासर, दुःख आणि देव सारे बसविले. अलीकडच्या काळात अभ्यासकांनी अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या आहेत. त्यांना कारागिरी म्हणण्याचे धैर्य कोणत्या टीकाकाराला होईल?

आमची पनवेल ह्या दोन्ही प्रवाहांच्या वाटेवरचे गाव. १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला, तेव्हापासून १८६३ साली आगगाडी घाट चढेपर्यंत पुण्याहून मुंबईस जाणारा माणूस बहुधा पनवेलीस उतरून पुढे पाण्याच्या वाटेने जाई. देशावरचा कीर्तनकार काय नि कोकणातला शाहीर काय, दोघांच्याही पायांखालची ही वाट. येथे १८५२ सालीच नगरपालिका आली. प्रबोधनकार ठाकऱ्यांचा १८८५ सालचा जन्म ह्याच गावचा. २०१६ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, बंदर इतिहासजमा झाले, इमारती आभाळाला टेकल्या. तरी गाढी नदी वाहते आहे आणि कर्नाळ्याचा सुळका अंगठ्यासारखा उभा आहे.

मग मागणीवरून लिहिलेले खरे काव्य असते की नसते? युरोपात १८१६ सालच्या उन्हाळ्यात तांबोरा ज्वालामुखीच्या धुराळ्याने ऊन पडेना. जिनिव्हाच्या सरोवराकाठी घरात अडकून पडलेल्या मित्रमंडळींना कवी बायरनने सुचविले, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. कंपूत अठरा वर्षांची मेरी होती, पुढे मेरी शेली म्हणून नावाजलेली. तिला कित्येक दिवस काही सुचेना. आणि सुचले तेव्हा ‘फ्रँकेन्स्टाइन’ जन्मास आले. आपल्याकडे पुणे आकाशवाणीवर १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झाले. छपन्न गीते, आणि प्रक्षेपणाची वेळ कोणासाठी थांबणार नव्हती. माडगूळकरांनी लिहावे, सुधीर फडक्यांनी चाल लावावी, आणि ठरल्या वेळी ते घरोघर ऐकू यावे. त्या काळी लोक रेडिओला हार घालून ऐकत बसत, असे सांगतात. मागणीवरून लिहिलेले म्हणून ते कोणाला कमअस्सल वाटले नाही.

खरे असे आहे, की अट कवीला भावना देत नाही; ती त्याला सवयीची वाट बंद करून देते. ‘राम’ म्हणावयाची सोय गेली, म्हणजे राम कोणाचा कोण ह्याचा विचार करावा लागतो. ज्याच्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, त्याची समस्यापूर्ती पोकळच निघेल, परंतु त्याची मुक्त कविताही तशीच निघाली असती. दोष अटीचा नव्हे. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजना’चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून अमुक तारखेपर्यंत कथा पाठवा, असे संपादकाचे पत्र लेखकाच्या दारी येऊ लागले. तीही समस्याच! मराठीतल्या कित्येक कथांना त्या पत्राने जन्म दिला आहे.

तेव्हा ह्या दिवाळीत भेंड्या आटोपल्यावर हा दुसराही खेळ मांडून पाहावा. घरातल्या सर्वांत लहान मुलाने एक ओळ घालावी, कितीही वेडीवाकडी चालेल. मोठ्यांनी उरलेल्या तीन कराव्यात. किंवा अट घालावी, की कर्नाळ्याच्या सुळक्यावर चार ओळी लिहावयाच्या, पण डोंगर, किल्ला आणि आभाळ हे शब्द वर्ज्य. आजी लिहील, आजोबा खोडतील, नातू हसेल. आणि त्या चार ओळींत कोण बोलते आहे, हे कोणीही न सांगता घरात सर्वांना ओळखता येईल.