नोकरी सांभाळून रेषा : मराठी हास्यचित्रकलेतील जोडव्यवसायाची परंपरा
(विशेष संदर्भ : वसंत सरवटे)

प्रस्तावना

भारतीय व्यंगचित्रकलेचा इतिहास सामान्यतः वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतून सांगितला जातो. आर. के. लक्ष्मण (१९२१–२०१५) यांची 'टाइम्स ऑफ इंडिया'मधील प्रदीर्घ कारकीर्द आणि बाळासाहेब ठाकरे यांचा 'फ्री प्रेस जर्नल'मधून १९६० च्या 'मार्मिक'पर्यंतचा प्रवास हे या इतिहासाचे ठळक टप्पे मानले जातात. व्यंगचित्र हाच ज्यांचा पूर्णवेळ व्यवसाय होता अशा कलावंतांचा हा इतिहास आहे. मात्र मराठी नियतकालिकांत, विशेषतः दिवाळी अंकांत, हास्यचित्रांचे जे विपुल भांडार निर्माण झाले त्यातील मोठा वाटा अशा लोकांचा आहे, की ज्यांचा चरितार्थ अन्य नोकरीवर चालत होता. त्यांची गणना 'हौशी' या एका शब्दात उरकली जाते आणि त्या शब्दासरशी त्यांचे इतिहासातील स्थानही दुय्यम ठरते.

प्रस्तुत निबंधाचा हेतू या समजुतीची तपासणी करण्याचा आहे. नोकरी ही या कलावंतांच्या निर्मितीतील केवळ अडचण होती, की तिने मराठी हास्यचित्राचे विषय, रूप आणि लय घडविण्यात सक्रिय वाटा उचलला, असा प्रश्न येथे उपस्थित केला आहे. त्यासाठी वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून वसंत सरवटे यांचे उदाहरण केंद्रस्थानी ठेवले आहे.

कारखाना आणि कुंचला : पूर्वपीठिका

नोकरी-व्यवसाय आणि हास्यचित्र यांचे नाते मराठीत जुने आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीतून १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू झाले. आरंभी त्याचे स्वरूप कारखान्याच्या वार्तापत्राचे होते. त्याचे संपादक शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) स्वतः चित्रकार होते. रूढी, कर्मकांड आणि सामाजिक दंभ यांवर भाष्य करणारी त्यांची 'टाकांच्या फेकी' ही व्यंगचित्रमाला याच मासिकातून वाचकांपुढे आली. नांगर आणि यंत्रे तयार करणाऱ्या उद्योगाच्या आश्रयाने सामाजिक व्यंगचित्र वाढले, ही घटना लक्षणीय आहे. शंकररावांना नोकरदार म्हणता येणार नाही. तथापि वृत्तपत्रीय राजकारणापासून दूर, उद्योगाच्या परिसरात व्यंगचित्र जोपासले जाऊ शकते हे त्यांच्या कार्याने सिद्ध केले.

दिवाळी अंक आणि छपाईचे तंत्र

जोडव्यवसाय म्हणून हास्यचित्र शक्य होण्यास दोन गोष्टी कारणीभूत ठरल्या. पहिली दिवाळी अंकांची प्रथा. काशीनाथ रघुनाथ मित्र यांच्या 'मनोरंजन' मासिकाचा १९०९ चा अंक हा मराठीतील पहिला दिवाळी अंक म्हणून सामान्यतः मानला जातो. पुढे अनंत अंतरकर यांची 'हंस', 'मोहिनी' ही मासिके आणि मधुकर पाटकर यांचा 'आवाज' यांनी विनोद आणि हास्यचित्र यांना दिवाळीच्या साहित्यफराळात कायमचे स्थान दिले. दैनिकाच्या व्यंगचित्रकाराला रोज संध्याकाळपर्यंत चित्र हातावेगळे करावे लागते. दिवाळी अंकाची मागणी मात्र वर्षातून एकदा येते आणि ती कित्येक महिने आधी कळते. रविवार, सुट्टीचे दिवस आणि रात्रीचे दोन तास एवढ्या भांडवलावर ही मागणी पुरी करता येत असे.

दुसरी गोष्ट छपाईच्या तंत्राची. खिळ्यांच्या छपाईच्या काळात छायाचित्र किंवा छटांचे चित्र छापण्यासाठी हाफटोन ब्लॉक आणि गुळगुळीत कागद यांची गरज भासे. काळ्या शाईतील रेषाचित्राचा जस्ताचा लाइन ब्लॉक त्यामानाने स्वस्त पडे आणि तो साध्या कागदावर मजकुराच्या खिळ्यांसोबत छापता येई. साहजिकच तुटपुंज्या भांडवलावर चालणाऱ्या मासिकांना रेषाचित्र हेच परवडणारे चित्र होते. चित्रकारालाही त्यासाठी स्टुडिओ नको होता. टाक, शाई, कागद आणि घरातील एक टेबल पुरत असे. तयार चित्र टपालाने धाडता येई. अर्थकारण आणि तंत्र यांच्या या मेळातूनच नोकरदार हास्यचित्रकार हा वर्ग उदयास आला.

वसंत सरवटे : अभियंता आणि रेषालेखक

वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचा जन्म कोल्हापूरचा. शिक्षणाने ते स्थापत्य अभियंता होते आणि ए.सी.सी. या सिमेंट कंपनीत त्यांनी नोकरी केली. ही नोकरी सांभाळून त्यांनी हास्यचित्रे, अर्कचित्रे, मुखपृष्ठे आणि पुस्तकांसाठीची चित्रे असे विपुल काम केले. 'खडा मारायचा झाला तर', 'खेळ चालू राहिला पाहिजे' हे त्यांचे संग्रह, विदेशी व्यंगचित्रकारांचा परिचय करून देणारे 'परकी चलन' आणि 'व्यंगकला-चित्रकला' हा विवेचक ग्रंथ पाहता, त्यांचा या कलेशी असलेला संबंध केवळ विरंगुळ्याचा नव्हता हे स्पष्ट होते. मराठीत या कलेची सैद्धांतिक मांडणी सातत्याने करणाऱ्या मोजक्या व्यक्तींत एका नोकरदार अभियंत्याचा समावेश व्हावा, ही बाब 'हौशी' या शब्दाची मर्यादा दाखविण्यास पुरेशी आहे.

त्यांच्या कार्याचा सर्वांत बोलका पुरावा 'ललित' मासिकात आढळतो. १९६४ मध्ये केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेल्या या मासिकात जयवंत दळवी हे 'ठणठणपाळ' या टोपणनावाने साहित्यविश्वाची खेळकर खिल्ली उडविणारे सदर लिहीत. या ठणठणपाळाला दृश्य रूप दिले ते सरवट्यांनी. दळवी त्या काळात अमेरिकन माहिती खात्याच्या मुंबई कार्यालयात नोकरीस होते. म्हणजे मराठी साहित्यव्यवहाराचे हे गाजलेले व्यंगदर्शन दोन नोकरदारांच्या फावल्या वेळातून साकार झाले होते. 'ललित'च्या दिवाळी अंकांवरील सरवट्यांच्या मुखपृष्ठांतही लेखक, प्रकाशक आणि वाचक हेच पात्ररूपाने वावरतात. ज्याला त्या साहित्यिकांशी निकटचा परिचय आहे, पण ज्याचे पोट त्यांच्यावर अवलंबून नाही, अशा निरीक्षकाची ही दृष्टी होय. तिच्यातील निर्भयता आणि निर्विषता या दोहोंचे मूळ काही अंशी या आर्थिक स्वातंत्र्यात शोधता येते.

नियमांची चौकट आणि विषयांची निवड

नोकरदार हास्यचित्रकारांचा कल राजकारणाऐवजी घर, कचेरी, बसथांबा, लग्नसमारंभ आणि साहित्य यांकडे का राहिला, याचे उत्तर केवळ अभिरुचीत सापडत नाही. केंद्रीय नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९६४ मधील पंधरावा नियम शासकीय सेवकास पूर्वपरवानगीविना प्रासंगिक स्वरूपाचे वाङ्मयीन वा कलाविषयक काम करण्याची मुभा देतो. त्याच संहितेतील नववा नियम मात्र शासनाच्या धोरणावरील जाहीर टीकेस, ती टोपणनावाने केलेली असली तरी, मज्जाव करतो. महाराष्ट्र शासनाच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांचा आशयही असाच आहे. कलेला वाट मोकळी, शासनावरील टीकेला बंद, अशी ही रचना आहे. सरवटे खाजगी कंपनीत असल्याने त्यांना हे नियम लागू नव्हते. परंतु शासकीय सेवेतील ज्यांनी दिवाळी अंकांसाठी रेषा ओढल्या, त्यांच्या विषयनिवडीवर या चौकटीची छाया पडली असणे स्वाभाविक आहे.

ही मर्यादा सर्वत्र सारखीच फलित झाली असे मात्र नाही. केरळात जी. अरविंदन (१९३५–१९९१) यांनी रबर बोर्डातील नोकरी करीत 'मातृभूमी' साप्ताहिकात १९६१ पासून 'चेरिय मनुष्यरुम वलिय लोकवुम' ही चित्रमालिका चालविली. रामू या तरुणाच्या आयुष्यातून मध्यमवर्गाच्या नैतिक घसरणीचे चित्रण करणारी ही मालिका दशकभराहून अधिक काळ चालली. त्यानंतर अरविंदन चित्रपट-दिग्दर्शक म्हणून ख्यातनाम झाले. साप्ताहिकाने दर आठवड्याची जागा दिली म्हणून तेथे दीर्घ कथनाचे रूप आकारास आले. आपल्याकडे वार्षिक अंकाने एकट्या, स्वयंपूर्ण चित्राला उत्तेजन दिले. तेव्हा नोकरीइतकेच प्रकाशनाचे कालचक्रही कलारूप ठरवीत असते.

समारोप

वरील विवेचनातून तीन निष्कर्ष संभवतात. पहिला, मराठी हास्यचित्राची परंपरा दिवाळी अंक, स्वस्त लाइन ब्लॉक आणि नियमित वेतन या तीन आधारांवर उभी राहिली. दुसरा, नोकरीने या कलावंतांना संपादकीय दडपणापासून मुक्त ठेवले, परंतु त्याची किंमत म्हणून दैनंदिन राजकीय भाष्य बहुतांशी त्यांच्या कक्षेबाहेर राहिले. हे उणेपण नाकारण्याचे कारण नाही. तिसरा निष्कर्ष मूल्यमापनाविषयी आहे. मर्ढेकर आकाशवाणीत नोकरीस होते आणि विंदा करंदीकर महाविद्यालयात अध्यापन करीत होते, म्हणून त्यांना कोणी 'हौशी कवी' म्हणत नाही. साहित्याला लावलेला निकष रेषेला नाकारण्यास कोणताही तात्त्विक आधार नाही.

या प्रश्नाला एक व्यावहारिक बाजूही आहे. वृत्तपत्रीय व्यंगचित्रे दैनिकांच्या संग्रहांत बऱ्याच अंशी टिकून राहतात. दिवाळी अंक मात्र वाचनालयांत हातोहात फिरून जीर्ण होतात, आणि अनुक्रमणिकेत कथा-कवितांची स्वतंत्र नोंद होत असताना हास्यचित्रकारांच्या वाट्याला अनेकदा नावांची एकच ओळ येते. ज्याच्या उपजीविकेची नोंद कचेरीत आणि कलेची नोंद कोठेच नाही, असा कलावंत इतिहासातून सहज निसटतो. आपल्या महाविद्यालयांच्या ग्रंथालयांतील जुन्या दिवाळी अंकांची बांधणी करणे, त्यांतील हास्यचित्रांची चित्रकारनिहाय सूची तयार करणे आणि शक्य तेथे चित्रकारांच्या कुटुंबीयांकडील मूळ चित्रांची नोंद घेणे ही कामे मराठी व इतिहास विभागांना संयुक्तपणे हाती घेता येतील. फावल्या वेळात निर्माण झालेल्या या कलेसाठी अभ्यासकांनी आपल्या कामाच्या वेळेतील काही भाग राखून ठेवणे अगत्याचे आहे.