पर्थ–कोग्गला हवाई मार्ग
पर्थ–कोग्गला हवाई मार्ग : दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ आणि श्रीलंकेतील (तेव्हाचे सिलोन) गॉलजवळचे कोग्गला सरोवर यांना वाटेत न थांबता जोडणारा विमानमार्ग. १९४३ ते १९४५ या काळात तो क्वांटास कंपनीने चालवला. वायुनौका सोडल्या, तर नियमित प्रवासी विमानसेवेत एका दमात इतका वेळ हवेत राहावे लागणारा दुसरा मार्ग झालेला नाही.

पार्श्वभूमी : फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या हाती गेले आणि ऑस्ट्रेलिया–ब्रिटन हवाई दुवा तुटला. तो पुन्हा जोडण्यासाठी हा मार्ग सुरू झाला.

अंतर व वेळ : पृथ्वीच्या गोलावरून मोजलेले सर्वांत जवळचे अंतर सुमारे ५,६५० किमी. हाच आकडा मैलांत सुमारे ३,५०० होतो. काही लेखनात तो सागरी मैल म्हणून दिलेला आढळतो, पण तसा धरल्यास मार्ग उगाच आठशेहून अधिक किलोमीटरने लांबतो. प्रवासाला साधारण २७ ते ३२ तास लागत. सर्वांत लांबलेले उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचे असल्याची नोंद आहे. वेळेतील हा फरक वाऱ्याचा होता. विमानाचा वेग ताशी सुमारे २०० किमी; समोरून ताशी २० किमीचा वारा सतत लागला तर प्रवास ३१ तासांवर जाई, तोच वारा सतत पाठीमागून राहिला असता, तर २६ तासांच्या आत संपला असता. आजच्या जेट विमानाला एवढा वारा जेमतेम जाणवतो. या मार्गाचे वेगळेपण अंतरात कमी आणि या संथपणात अधिक आहे. त्यामुळे केवळ किलोमीटर पाहून त्याची थोरवी ठरवू नये.

विमाने व दिशाशोधन : पाच कॅटलिना जलविमाने वापरात होती. त्यांना दिशाशोधनातील ताऱ्यांची नावे दिली होती : अल्टेअर (श्रवण), व्हेगा (अभिजित), रायजेल, अँटारेस (ज्येष्ठा) आणि स्पायका (चित्रा). नावे शोभेची नव्हती. शत्रूला ठावठिकाणा कळू नये म्हणून रेडिओ संदेश पाठवणे टाळले जाई. दिवसा सूर्य, रात्री तारे सेक्स्टंटने मोजून आणि वाऱ्याने विमान किती बाजूला सरकते याचा अंदाज घेऊन मार्ग राखावा लागे. इतक्या तासांत दिशेतील एका अंशाची चूक तशीच राहिली, तर शेवटी विमान शंभर किलोमीटरच्या आसपास भरकटते. असे असूनही या मार्गावर एकही विमान गमावले गेले नाही. जपानी गस्तीचा टापू अंधारात ओलांडला जाईल अशी निघण्याची वेळ ठरवली जाई. परिणामी एकाच उड्डाणात दोन सूर्योदय दिसत, आणि प्रवाशांना ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चे प्रमाणपत्र मिळे.

भार : जादा इंधनापायी विमानातील बरेच साहित्य काढून टाकले होते. एका खेपेत तीन प्रवासी आणि सुमारे ७० किलो टपाल एवढेच मावे.

विस्तार व अखेर : पुढे सेवा कराचीपर्यंत वाढवण्यात आली. १९४४ पासून चाकांवर उतरणारी, अधिक वेगवान लिबरेटर विमानेही हिंदी महासागर ओलांडू लागली. जुलै १९४५ मध्ये कॅटलिना सेवा थांबली, तोवर २७१ फेऱ्या झाल्या होत्या. अमेरिकेने युद्धकाळात दिलेल्या सामग्रीच्या अटींमुळे ही कॅटलिना विमाने नंतर व्यापारी कामाला ठेवता आली नाहीत. ती समुद्रात बुडवण्यात आली.

तुलना : मार्च २०१८ पासून पर्थ–लंडन हे सुमारे १४,५०० किमीचे अंतर विमाने न थांबता १७ तासांच्या आसपास कापतात.